डोक्याला मार लागल्यानंतर बिघडणारी संप्रेरके आणि रुग्णनोंदवहीची गरज

कोल्हापुरातील एखाद्या रुग्णालयातून डोक्याला मार लागलेला रुग्ण घरी सोडला जातो, तेव्हा नातेवाइकांच्या हातात डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनच्या फिल्मचे मोठे पाकीट आणि गोळ्यांची पिशवी असते. कार्डावर अपघाताची तारीख, रुग्ण किती वेळ बेशुद्ध होता, रक्तस्राव कोठे झाला, शस्त्रक्रिया झाली की नाही, फिट येऊ नये म्हणून कोणते औषध किती दिवस घ्यायचे आणि टाके काढायला कधी यायचे, हे सारे लिहिलेले असते. हातपाय हलतात, बोललेले समजते, जेवण जाते, म्हणजे धोका टळला असे घरच्यांना वाटते आणि त्या टप्प्यावर ते खरेही असते. मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीलाही त्याच धक्क्यात इजा झाली असेल का, आणि ती कधी तपासायची, याचा उल्लेख अशा कार्डावर क्वचितच आढळतो. त्या प्रश्नाबरोबर दुसराही एक प्रश्न येतो. अशा रुग्णांची एकत्रित, एकसारखी आणि वर्षानुवर्षे चालणारी नोंद नसेल, तर या विकाराबद्दल आपल्याला खात्रीने काय सांगता येईल?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शिरोली औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करणारा पस्तिशीतला एक कामगार गाळपाच्या हंगामात रात्रपाळी संपवून मोटारसायकलवरून गावाकडे निघतो आणि मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळतो. काही दिवस अतिदक्षता विभागात आणि काही वॉर्डात काढून तो घरी येतो. तीन महिन्यांनी जखम भरलेली असते, तो कामावरही रुजू झालेला असतो. पण अर्धी पाळी होते न होते तोच त्याचे अंग गळून जाते. पूर्वी एक दिवसाआड दाढी करणाऱ्या या माणसाला आता आठवडाभर दाढी करावी लागत नाही. एप्रिलच्या उकाड्यात तो रात्री पांघरूण मागतो. पत्नीशी जवळीक उरलेली नाही आणि त्याबद्दल दोघेही कोणाशी बोलत नाहीत. आई म्हणते, 'पोरगं पार खचलंय बघा.' मित्रांना वाटते की त्याने अपघाताची धास्ती घेतली आहे आणि सुपरवायझरला वाटते की तो अंगचोरपणा करतो आहे. दाढी मंद वाढणे आणि कामेच्छा ओसरणे यामागे टेस्टोस्टेरॉनची, थंडी सहन न होण्यामागे थायरॉइड संप्रेरकाची आणि अंग गळून जाण्यामागे कॉर्टिसोलची किंवा वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असू शकते, ही शक्यता त्याच्या भोवतालच्या कोणाच्याही मनात येत नाही.

पिट्युटरी, म्हणजेच पीयूषिका ग्रंथी, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाला असलेल्या हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. एका बारीक देठाने ती हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाला जोडलेली असते आणि तिकडून येणाऱ्या रासायनिक आज्ञांवर चालते. तिच्या पुढच्या भागातून वाढीचे संप्रेरक, थायरॉइडला चालना देणारे टीएसएच, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींकडून कॉर्टिसोल तयार करून घेणारे एसीटीएच, अंडाशय व वृषण यांचे काम चालवणारी एलएच व एफएसएच आणि दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिन ही संप्रेरके बाहेर पडतात. मागच्या भागातून ऑक्सिटोसिन आणि लघवीतून जाणारे पाणी आवरणारे व्हॅसोप्रेसिन सोडले जाते. शरीरातील इतर ग्रंथी धडधाकट असल्या, तरी पिट्युटरीकडून आज्ञा आली नाही तर त्या मंदावतात.

डोके जोराने आपटते तेव्हा मेंदू कवटीच्या आत हलतो, पण पिट्युटरी मात्र खोबणीत अडकलेली असते. त्यामुळे ताण पडतो तो देठावर, आणि देठावरून उतरणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर. पुढच्या भागाला बराचसा रक्तपुरवठा याच वाहिन्यांतून होतो. त्या फाटल्या, किंवा मेंदूला सूज येऊन दाबल्या गेल्या, किंवा रक्तदाब फार खाली गेला, तर ग्रंथीच्या पेशी मरतात. पाटाचे पाणी कमी पडले की वरच्या रानाला थोडे तरी पोहोचते आणि शेवटच्या टोकाचा ऊस आधी वाळतो, तसे येथे होते. ग्रंथीच्या दोन्ही कडांचा भाग या लांब वाहिन्यांवरच अवलंबून असतो, तर मधल्या भागाला खालच्या बाजूने येणाऱ्या आखूड वाहिन्यांचाही आधार असतो. वाढीचे संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी मुख्यतः कडांना असतात. एसीटीएच आणि टीएसएच तयार करणाऱ्या पेशी मध्याकडे असतात. डोक्याला मार लागल्यानंतर वाढीच्या आणि प्रजननाच्या संप्रेरकांची कमतरता अधिक आढळते आणि कॉर्टिसोल व थायरॉइडची त्या मानाने कमी, याचे कारण बऱ्याच अंशी या रचनेत आहे.

ही माहिती नवी नाही. डोक्याच्या दुखापतीनंतर पिट्युटरी निकामी झाल्याचे वर्णन १९१८ मध्ये जर्मनीतील सिरान यांनी केले होते. पुढे अपघाती मृत्यूंच्या शवविच्छेदनात या ग्रंथीत रक्तस्राव किंवा मृत पेशींचे पट्टे दिसल्याचे अनेकांनी नोंदवले. तरीही जिवंत रुग्णांत हा प्रकार दुर्मिळच असतो अशी समजूत बराच काळ टिकून राहिली. २००० सालानंतर मार लागून बरे झालेल्या लोकांच्या पद्धतशीर चाचण्या होऊ लागल्या, तेव्हा ही समजूत डळमळीत झाली.

सगळ्या कमतरतांत जिवाला थेट धोका असतो तो कॉर्टिसोलच्या कमतरतेचा. आजारपण, शस्त्रक्रिया, अपघात अशा प्रत्येक ताणाच्या वेळी निरोगी शरीर कॉर्टिसोल वाढवते. ज्याच्या शरीराला ते जमत नाही, त्याचा रक्तदाब घसरतो, साखर उतरते, उलट्या होतात आणि रक्तातील सोडियम कमी होते. 'सोडियम कमी झालं म्हणून ॲडमिट केलं, दोन दिवस सलाइन लावलं, मग बरं वाटलं' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. वयस्कर माणसांत याची कारणे अनेक असतात आणि बहुतेक वेळा ती साधी असतात. परंतु ज्याला आधी कधीतरी डोक्याला जबर मार लागला आहे, अशा रुग्णाचे सोडियम पुनःपुन्हा घसरत असेल, तर एकदा तरी सकाळचे कॉर्टिसोल तपासायलाच हवे. अतिदक्षता विभागात ही शंका आणखी लवकर यावी लागते, कारण तेथे कमी रक्तदाबाची इतर कारणे समोर असतात आणि हे कारण त्यांच्या आड दडून राहते.

व्हॅसोप्रेसिन कमी पडले की रुग्णाला दिवसाला तीन लिटरहून अधिक, कधी त्याहून कितीतरी जास्त, पाण्यासारखी लघवी होते आणि तहान भागत नाही. हे बहुधा पहिल्या काही दिवसांत दिसते आणि अनेकांत आपोआप थांबते. याचे जुने नाव डायबेटिस इन्सिपिडस. त्या नावामुळे साखरेच्या मधुमेहाशी घोटाळा होऊन रुग्णांचे औषध चुकण्याचे प्रसंग घडले, म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञ संघटनांनी ते बदलून व्हॅसोप्रेसिनची कमतरता असेच सरळ नाव सुचवले. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा बंद पडणे ही मोठी खूण असते. वय चाळिशीच्या पुढे असेल तर ती सहज दुर्लक्षिली जाते. मुलांमध्ये उंची वाढण्याचा वेग मंदावणे, आणि वयात येणे फार लांबणे किंवा फार लवकर होणे, याकडे शाळेच्या आरोग्य तपासणीतही लक्ष दिले गेले पाहिजे.

हे सांगताना तोल सांभाळणे आवश्यक आहे. अपघातानंतरचा प्रत्येक थकवा संप्रेरकांचा नसतो. मेंदूची इजा स्वतःच थकवा आणते. झोप बिघडते, डोके दुखते, नैराश्य येते, फिट न येण्यासाठी दिलेल्या काही औषधांनी चिडचिड आणि गुंगी वाढते, आणि बुडालेल्या पगाराची व कर्जाच्या हप्त्यांची काळजी वेगळीच. म्हणून प्रत्येकाने उठून सगळ्या चाचण्या कराव्यात असे येथे सुचवायचे नाही. ब्रिटनमधील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाचा रोख असा आहे की, ज्यांना रुग्णालयात काही दिवस ठेवावे लागण्याइतका मार बसला आहे किंवा ज्यांच्या तक्रारी रेंगाळल्या आहेत, त्यांची साधी रक्ततपासणी तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान व्हावी. ही मुदत ठरवण्यामागे कारण आहे. पहिल्या आठवड्यांत दिसलेल्या अनेक कमतरता पुढे भरून निघतात, आणि काही रुग्णांत सुरुवातीला सर्व ठीक असूनही कमतरता नंतर उघडकीस येते. म्हणून एक वर्षानेही पुन्हा पाहणे उपयोगी ठरते.

तपासणीत तीन ठिकाणी चूक होण्याची शक्यता फार असते. पहिली चूक वेळेची. कॉर्टिसोल पहाटे व सकाळी जास्त आणि रात्री अगदी कमी असते, म्हणून रक्त सकाळी आठ ते नऊच्या सुमारास द्यायचे असते. गगनबावडा किंवा चंदगडहून एसटीने येणारा रुग्ण प्रयोगशाळेत दुपारी पोहोचला, तर त्याचा आकडा वाचता येत नाही. सकाळचे कॉर्टिसोल दर डेसिलिटरला तीन मायक्रोग्रॅमहून कमी आले तर कमतरता जवळजवळ निश्चित असते, पंधरा-अठराच्या वर आले तर बहुधा नसते, आणि मधले आकडे असले तर उत्तेजक चाचणी, म्हणजे औषध देऊन संप्रेरक कितपत वाढते हे पाहणारी चाचणी, करावी लागते. टेस्टोस्टेरॉनही सकाळीच पाहायचे असते.

दुसरी चूक थायरॉइडची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त रुग्ण येथेच हातचे निसटतात. सर्वसाधारण थायरॉइड विकारात ग्रंथी मंदावते आणि तिला जागे करण्यासाठी पिट्युटरी टीएसएच वाढवते, म्हणून केवळ टीएसएच पाहून निदान करण्याची सवय सर्वत्र रुळली आहे. पण बिघाड पिट्युटरीतच असेल, तर टीएसएच वाढणार कसे? ते सामान्य मर्यादेत दिसते, अहवालावर कोठेही ठळक अक्षर उमटत नाही आणि 'थायरॉइड नॉर्मल आहे' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. अशा रुग्णात टीएसएचबरोबर फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातील मोकळे थायरॉइड संप्रेरक, पाहावेच लागते. ते कमी असून टीएसएच वाढलेले नसणे, हीच या विकाराची खूण आहे.

तिसरी अडचण स्टेरॉइडची. दमा, सांधेदुखी किंवा त्वचाविकारासाठी काही आठवडे स्टेरॉइड घेतले असेल, तर शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल दबलेले असते. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडलेली आहे, तेव्हा 'गावठी औषध आहे, त्यात काही नसतं' असे मनाशी धरून ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

उपचार बहुतांशी सोपे आणि, वाढीचे संप्रेरक वगळले तर, परवडणारे आहेत. कॉर्टिसोल कमी असेल तर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिवसातून दोन-तीन वेळा विभागून देतात, त्यातला मोठा भाग सकाळी. थायरॉइडसाठी थायरॉक्सिन असतेच. मात्र दोन्ही कमी असतील, तर आधी कॉर्टिसोल भरून काढायचे आणि मगच थायरॉक्सिन सुरू करायचे, हा क्रम मोडायचा नाही. उलट केल्यास शरीरातले उरलेसुरले कॉर्टिसोल झपाट्याने खर्च होऊन रुग्ण कोसळू शकतो. ज्याच्या गोळ्या सुरू आहेत, त्याने ताप आला की डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन घेण्यासाठी विनाविलंब जवळचे रुग्णालय गाठायचे असते. 'मला स्टेरॉइडची गरज आहे, ते थांबवू नका' असे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड खिशात हवे. कोल्हापूरच्या माणसाचा बेळगावजवळ अपघात झाला, तर त्या कार्डाइतकी महत्त्वाची दुसरी वस्तू त्याच्याजवळ नसेल.

स्टेरॉइड म्हटले की लोक घाबरतात, आणि त्यांच्या भीतीला आधार नाही असेही नाही. डोक्याला मार लागलेल्या सर्वांनाच सूज उतरावी म्हणून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड द्यावे का, हे पाहणाऱ्या क्रॅश नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ रुग्ण होते आणि २००४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत स्टेरॉइड दिलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले. त्यानंतर ती प्रथा सोडून देण्यात आली. पण तो प्रश्न सर्वांना अतिरिक्त औषध देण्याचा होता. येथे प्रश्न आहे तो ज्याच्या शरीरात हे संप्रेरक तयारच होत नाही, त्याला रोजच्या गरजेपुरते देण्याचा.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. मार लागलेल्यांपैकी किती जणांना हा विकार होतो? २००७ मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात डोक्याच्या दुखापतीनंतर दीर्घकाळ राहणाऱ्या पिट्युटरीच्या कमतरतेचे प्रमाण २७.५ टक्के निघाले. चार वर्षांनी, २०११ मध्ये, नेदरलँड्समधील अनेक केंद्रांच्या अभ्यासात ते अवघे ५.४ टक्के आले. एका आकड्यावर विसंबले तर प्रत्येक चौथ्या रुग्णाची तपासणी चुकवणे हा गुन्हा ठरेल. दुसऱ्यावर विसंबले तर विसांत एकासाठी सर्वांच्या चाचण्या कराव्यात का, असा खर्चाचा प्रश्न उभा राहील. तफावतीची कारणे गूढ नाहीत. कोणी एकच चाचणी केली, कोणी दुसऱ्या चाचणीने पडताळली. कोणी वाढीच्या संप्रेरकाची सीमारेषा उंच धरली, कोणी खाली. स्थूल माणसांत हे संप्रेरक मुळातच कमी उसळते, याचा हिशेब काहींनी केला, काहींनी केला नाही. २००७ च्या त्याच आढाव्यात एक विचित्र गोष्ट दिसते: सौम्य दुखापतीत प्रमाण १६.८ टक्के आणि मध्यम दुखापतीत १०.९ टक्के. कमी मार लागलेल्यांना जास्त त्रास कसा होईल? सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे की, सौम्य मार लागलेल्या असंख्य लोकांपैकी ज्यांच्या तक्रारी उरल्या तेच तपासणीला पोहोचले, आणि जे ठणठणीत होते ते मोजणीत आलेच नाहीत.

अशा वेळी रुग्णनोंदवही, म्हणजेच रजिस्ट्री, उपयोगी पडते. विशिष्ट आजाराच्या किंवा इजेच्या प्रत्येक रुग्णाची, ठरवून दिलेल्या एकाच नमुन्यात, अनेक रुग्णालयांतून आणि अनेक वर्षे केलेली नोंद म्हणजे रजिस्ट्री. यात कळीचा शब्द 'प्रत्येक' हा आहे. ज्यांना त्रास झाला तेवढेच लिहिले, तर किती जणांपैकी इतक्यांना झाला हे कधीच कळत नाही. आपल्याकडे अपघातांची मोजणी होत नाही असे नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. पण त्या साडेचार लाखांच्या आसपास जखमींपैकी किती जण वर्षभराने पूर्ववत कामावर होते, हे या आकड्यांतून समजत नाही, कारण पोलिसांची नोंद अपघातापाशी थांबते आणि रुग्णालयाची डिस्चार्जपाशी. पिट्युटरीचा विकार तर बहुधा डिस्चार्जनंतरच ओळखू येतो. म्हणजे जेथे नोंद संपते, तेथे हा आजार सुरू होतो.

नोंदवहीने काय साधते याचे जुने उदाहरण नॉर्वेचे आहे. त्या देशाने १८५६ मध्ये कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कुष्ठरोग वंशपरंपरेने येतो असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. बर्गेन येथील आर्माउर हॅन्सेन यांनी रुग्णांच्या नोंदींचा बारकाईने अभ्यास करून तो संसर्गाने पसरतो असे मत मांडले आणि १८७३ मध्ये त्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली; पण खेड्यांत काय चालले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. रुग्णालयात बसून रुग्णांची वाट पाहिली असती, तर तेथे नोंद करायला फारसे कोणी आलेच नसते. म्हणून कर्मचारी गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीपर्यंत आणले. पुढे असे दिसले की गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर उपचारांना येऊ लागल्या. नोंद ठेवण्याच्या कामानेच निदान सुधारले. बार्शीत तयार झालेल्या याच घडीच्या आधारावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांचा तपासणी अभ्यास झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर वापरला गेला. महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात हे होऊ शकले, तर पंचगंगेच्या खोऱ्यात न होण्याचे कारण नाही.

पिट्युटरीच्या बाबतीतही नोंदवह्या झाल्या आहेत. वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असलेल्या प्रौढांची किम्स ही आंतरराष्ट्रीय नोंदवही १९९४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात पंधरा हजारांहून अधिक रुग्ण आले. डोक्याला मार लागल्यामुळे कमतरता आलेल्या रुग्णांचे निदान गाठीमुळे कमतरता आलेल्यांपेक्षा कितीतरी उशिरा होते, हे तिच्यातूनच स्पष्ट झाले. एकेकट्या डॉक्टरला आपल्या हाताखालच्या दोन-चार रुग्णांवरून ते कधीच उमगले नसते. पण तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. ती औषध कंपनीने चालवलेली होती आणि तिच्यात मुख्यतः उपचार घेणारे रुग्ण होते. ज्यांचे निदान झालेच नाही, ते तिच्यात कोठून येणार? जर्मनी व ऑस्ट्रियातील केंद्रांनी मिळून १,२४२ रुग्णांची एकसारख्या नमुन्यात माहिती गोळा केली, तेव्हाही सगळे रुग्ण उत्तेजक चाचण्यांपर्यंत पोहोचले नव्हते.

कोल्हापूरसाठी अशी नोंदवही करायची झाली, तर तिचा नमुना लहान ठेवावा लागेल, कारण लांबलचक अर्ज गर्दीच्या कॅज्युअल्टीत कोणी भरत नाही. वय, लिंग, इजेचे कारण, हेल्मेट होते का, आल्यावेळची शुद्धीची पातळी, कवटीच्या तळाचे हाड मोडले का, रक्तदाब किंवा प्राणवायू खाली गेला होता का, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातील दिवस आणि दिलेले स्टेरॉइड, एवढे पहिल्या पानावर पुरे. दुसरे पान सहा महिन्यांचे आणि तिसरे वर्षाचे: सकाळचे कॉर्टिसोल, फ्री टी-फोर व टीएसएच, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, स्त्रियांत पाळीची माहिती, सोडियम, आयजीएफ-वन (वाढीच्या संप्रेरकाचा अंदाज देणारा रक्तातील घटक), आणि माणूस कामावर परतला का. छत्रपती प्रमिला राजे (सीपीआर) रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि खासगी न्यूरोसर्जन या सर्वांनी एकच नमुना वापरला, तरच बेरीज करता येईल.

याच नोंदवहीत आपल्या भागातील आणखी दोन प्रकारच्या रुग्णांना जागा द्यावी असे मला वाटते. घोणस चावल्यानंतर पिट्युटरी निकामी होऊ शकते, हे ब्रह्मदेशातील रुग्णांवरून १९८७ मध्ये सविस्तर मांडले गेले आणि भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. उसाच्या फडात घोणस असते हे येथे कोणाला सांगायला नको. दुसरा गट बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांचा. त्यांच्यात दूध न येणे, पाळी परत न येणे आणि वर्षानुवर्षे अशक्तपणा असतो आणि 'बाळंतपण अंगावर निघालं' म्हणून तो सहन केला जातो. कारणे तीन असली, तरी इजा त्याच ग्रंथीला होते आणि तपासण्याही त्याच लागतात.

माहिती गोळा करताना रुग्णाची संमती हवी, आणि ती शुद्धीवर आल्यावर त्याच्याकडून पुन्हा घ्यायला हवी, कारण दाखल होताना सही नातेवाइकाने केलेली असते. नाव आणि पत्ता वैद्यकीय माहितीपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावा. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा अधिकार दिलेला आहे, तोही रुग्णाला सोप्या मराठीत सांगावा. वंध्यत्व, कामेच्छा, पाळी यांबद्दलची माहिती गावात फुटली तर काय होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या काळजीचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

सर्वांत अवघड काम पाठपुराव्याचे आहे. तोडणी हंगामात बीड आणि आसपासच्या भागांतून आलेला मजूर फेब्रुवारीत ट्रॉलीवरून पडतो, मार्चमध्ये घरी सोडला जातो आणि पट्टा पडला की टोळीबरोबर गावी परततो. सहा महिन्यांनी तो कोल्हापुरात नसतो, मोबाइल नंबर मुकादमाचा असतो आणि बहुतेक नोंदवह्यांत त्याच्या नावापुढे 'संपर्क झाला नाही' एवढेच उरते. असे रुग्ण गळाले की उरलेल्यांचा हिशेब पुन्हा चुकतो. म्हणून संगणकप्रणालीच्या आधी एक पगारी माणूस नेमावा लागेल. रुग्णाचा, पत्नीचा आणि गावातील आशा कार्यकर्तीचा असे तीन नंबर त्याने डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्यायचे, सहा महिन्यांनी फोन करायचा आणि रुग्णाला त्याच्याच तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात सकाळी आठला रक्त द्यायला पाठवायचे. कॉर्टिसोल आणि थायरॉइडचे नमुने, रक्तातील द्रव वेगळा करून थंड ठेवला, तर प्रवास सहन करतात. त्यामुळे गेवराईत घेतलेल्या रक्ताचा निकाल कोल्हापूरच्या नोंदवहीत त्या मजुराच्या दुसऱ्या पानावर चढवता येतो आणि त्याचे कॉर्टिसोल कमी निघाले, तर पुढचा हंगाम सुरू होण्याआधी त्याला गोळ्या सुरू करता येतात.